माळ्यावरची झोपलेली मांजर

"मांजर काढून घ्याऽऽ, मांजर!"

गावाच्या खालच्या वळणावरून ही हाळी आली की आम्ही समजायचो, थंडी सरली, तुतीला पालवी फुटली आणि मोहेई आला. हाळी मोठी, माणूस बेताचा. पडके खांदे, बाहेर आलेले गुडघे, पाठीवर लाकडी पेटी. पेटीत शाई, रंग, कुंचले, कागदाच्या गुंडाळ्या. आणि पेटीवर, कुणी सरदारीण पालखीत बसावी तशी त्याची मांजर बसलेली. तिचं नाव मुगी. आमच्याकडे जवाला मुगी म्हणतात, आणि ती होतीही पिकल्या जवाच्या रंगाची.

आमच्या जोशू प्रांतात दोन गोष्टी कुणाच्या बापाला आवरत नाहीत, आकागी डोंगरावरून सुटणारा कोरडा वारा आणि घरातली बाई. हे मी नाही म्हणत, सगळा मुलूख म्हणतो. बाई वरचढ असणारच हो, कारण रेशीम बाई पिकवते. घराघरात माळ्यावर रेशमाच्या अळ्या. अळ्या म्हणायचं नाही बरं का, 'बाळराजे' म्हणायचं. माणसं खाली दाटीवाटीने झोपणार आणि बाळराजे वर ऐसपैस. त्यांना वारा लागता कामा नये, धूर लागता कामा नये, त्यांच्यासमोर भांडण करता कामा नये. आमच्या घरात सासूबाई असल्यामुळे हे शेवटचं फार जड जायचं.

आणि बाळराजांचा काळ म्हणजे उंदीर. त्या महिन्यात तर उंदीर हा शब्दही तोंडातून काढायचा नाही, नाव ऐकून येतात म्हणे. 'नवरीबाई' म्हणायचं. नवरीबाई एकदा माळ्यावर चढल्या की सकाळी टोपल्या रिकाम्या, आणि अख्ख्या घराने वर्षभर कोरड्या तोंडाने बसायचं. म्हणून मोहेईला दारं उघडी असायची. त्याने काढलेली मांजर माळ्यावर टांगली की नवरीबाई त्या घरात पाऊल टाकत नाहीत, अशी त्याची ख्याती होती. उगाच नव्हती. मी लग्न होऊन आले तेव्हापासून स्वतःच्या डोळ्यांनी बघत होते. टांगलं चित्र, की त्या वर्षी एक अळी कमी व्हायची नाही.

त्याची कामाची रीत ठरलेली. आला की चार-पाच दिवस मुक्काम. पहिला दिवस नुसता माळ्यावर बसून राहायचा. कुठून उजेड येतो, कुठली फळी करकरते ते बघायचा. मग कागद पसरायचा. आधी पाठ, मग शेपूट, मग पंजे, मिशा. डोळे मात्र शेवटच्या दिवशी. तोवर कागदावर आंधळी मांजर, आणि खरी मुगी जिन्याच्या पायरीवर पसरलेली. येता-जाता आम्ही तिच्यावरून पाय टाकून जायचो. दिवसभर झोपायची मेली. कुणी तिला कधी धावताना पाहिलं नाही.

डोळे काढायच्या दिवशी मात्र सोहळा. मोहेई आंघोळ करून यायचा, मुगीला टोपलीत घालून झाकण लावून घराबाहेर तुतीच्या झाडाखाली ठेवायचा. घरची मांजर असेल तर तीही बाहेर, आणि ती कायमची. "एका घरात दोन मांजरींचं पटत नाही," तो म्हणायचा. "कागदातली रुसली तर डोळे उघडून आंधळी होते. मग माझ्या नावाने बोंब मारू नका." लोक ऐकायचे. आमची ढवळी तर मी लग्न होऊन यायच्या आधीच अशी पाणचक्कीवर गेली होती. कुणी देवळात सोडली, कुणी लेकीच्या सासरी धाडली. मग तो श्वास रोखून दोन डोळे काढायचा, आठही दिशांना बघणारे. माळ्याच्या कुठल्याही कोपऱ्यात उभे राहा, ती तुमच्याकडेच बघतेय. मला स्वतःला टोपल्या बदलताना भीती वाटायची.

दर वसंतात तो परत यायचा. शाई वर्षभरात फिकी होते, डोळ्यांना नवी पाजावी लागते. पुन्हा चार दिवस मुक्काम, पुन्हा मुगी जिन्यावर.

आमच्या सासूबाईंचं नाव इशी. इशी म्हणजे दगड, आणि नाव ठेवणाऱ्याला दूरचं दिसत असावं. गावात त्यांच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. मोहेई तेवढा लागायचा.

"काय चित्रकारबुवा," सासूबाई आगटीपाशी बसून सुरू करायच्या, "यंदाही मांजरच? कधी बगळा काढा, मोर काढा. आमचे पण डोळे निवू देत."

"वहिनी, बगळा काढला तर तोही म्याव करेल."

"आणि ही महाराणी? खाते सुका मासा आणि करते काय? माझ्या सुनेसारखी नुसती लोळते."

मी तेव्हा पहाटेपासून तुतीची पानं चिरत असायचे. पण बोलायची सोय नव्हती.

"हिच्या वाटणीचं काम मी करतो ना," मोहेई हसून मुगीच्या कानामागे खाजवायचा. "घरात एकाने राबलं म्हणजे पुरे."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि आम्हालाही.

त्याची कहाणी तो तुकड्यातुकड्याने सांगायचा. लहानपणी ताकासाकीला एका पडदे रंगवणाऱ्या उस्तादाकडे होता. उस्ताद म्हणे देवदार काढ, तर याच्या देवदाराला शेपटी आल्यासारखी दिसायची. क्रौंच काढला तर तो दबा धरून बसल्यासारखा. शेवटी उस्तादाने हाकलून दिलं. पुढे लग्न झालं. बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं. तिने आजारपणात उशाशी घेतलेलं मांजराचं पिल्लू तेवढं उरलं. तीच मुगी. बायकोचं नाव तो घ्यायचा नाही. 'मुगीची मालकीण' म्हणायचा.

एकदा जेवता जेवता मी विचारलं होतं, "मोहेईकाका, उस्तादाकडे राहिला असता तर मोठमोठ्या घरांत तुमची चित्रं लागली असती. वाईट वाटत नाही?"

त्याने जवाचा भात, मुळ्याचं लोणचं चावून खाल्लं, चहा घेतला, मग बोलला. "सूनबाई, उस्तादाची चित्रं लोक बघतात. बघून झालं की झालं. माझं चित्र राबतं. मी तुमच्या घरून निघून जातो, डोंगरापलीकडे झोपतो, तरी माझी मांजर इथे जागी असते. माझ्याकडे दुसरं काही नाही गं. पण हे आहे." सासूबाईंनी त्याच्या वाडग्यात आणखी भात घातला. अशी गोष्ट त्यांच्या हातून सहसा होत नसे.

त्यानंतर काही वर्षं गेली. येदो शहराचं नाव तोक्यो झालं, आमच्या रेशमाला सातासमुद्रापलीकडून मागणी आली, घरोघरी टोपल्या वाढल्या. आणि एका वसंतात हाळी आली ती अशी बारीक की आधी कुणी ओळखलीच नाही. मोहेई वळणावरून वर आला. पेटीवर कुणी नव्हतं.

"थंडीत गेली," तो म्हणाला. "म्हातारी झाली होती. माझ्या मांडीवरच गेली." मग आपलाच चेहरा सावरत, "कामाचं काही अडत नाही हो. काम माझ्या हातात आहे."

त्या वर्षी तो आधी वरच्या आळीत गेला. रंगाऱ्याच्या घरी चित्राच्या डोळ्यांना शाई पाजली, चार दिवस राहिला, निघाला. आठवड्यात रंगाऱ्याच्या टोपल्या साफ. मग सुताराच्या घरी तसंच. मग देवळाशेजारच्या घरी. त्या घरच्या म्हातारीने रस्त्यात उभं राहून त्याच्या सात पिढ्या काढल्या. आमच्याकडे दम कुणाला असतो? एक वर्ष रेशीम बुडालं तर घर बसतं हो. पण लोक जे बोलले ते ऐकवत नव्हतं. "हात गेला त्याचा," म्हणाले. "मांजरीबरोबर अक्कलही पुरून आला."

सुताराने तर कहर केला. चित्र भिंतीवरून उतरवलं, फाडलं, आणि फाटलेल्या सरकत्या दाराला ठिगळ म्हणून डकवलं. मोहेई त्या दारावरून गेला तेव्हा त्याला दाराच्या खालच्या कोपऱ्यात आपल्याच मांजरीचा पंजा दिसला आणि वर अर्धी शेपटी. हे मला सुताराच्या बायकोने हसत हसत सांगितलं. मी हसले नाही. मला तिच्या तोंडात मारावीशी वाटली.

त्याच संध्याकाळी तो आमच्या अंगणात आला. पेटी खाली ठेवली, बसला नाही.

"वहिनी," तो सासूबाईंना म्हणाला, "या गावातलं हे एकच घर उरलंय. इथे काढू दिलंत तर काढतो. इथेही नाही चाललं तर कुंचला ठेवला. मग मी कोण आहे ते मला माहीत नाही."

घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, अशी गत. बाळराजे दुसऱ्यांदा कात टाकत होते, माळा भरलेला, आमचे हे तापाने पडलेले. मी सासूबाईंना खुणेने नाही म्हणत होते. पाहतील तर शपथ.

"चढा वर," त्या म्हणाल्या. "आणि यंदा मिशा जरा जाड काढा. मागल्या वर्षी मांजर नाही, नवरदेव वाटत होता."

त्या वेळी त्याने जुन्या चित्राला हात लावला नाही, नवा कागद घेतला. एकेक केस काढायला सकाळ घालवायचा. हात थरथरायला लागला की मनगट गार पाण्यात बुडवून बसायचा. खाल्लं तर खाल्लं. डोळे काढायच्या दिवशी सवयीने टोपली उचलली, झाकण उघडलं, आत बघितलं आणि परत ठेवून दिली. मी बाहेर गेले, मला रडू आलं. चित्र मात्र असं झालं होतं की माझ्या अंगावर काटा आला. माझ्या उभ्या जन्मात मी त्याहून जिवंत मांजर कागदावर पाहिली नाही.

तो खाली देवळाच्या पडवीत राहायला गेला, कोष निघेपर्यंत थांबायला. आणि दुसऱ्याच सकाळी मी टोपल्या बदलायला वर गेले तर कडेची टोपली अर्धी रिकामी. पानांवर काळ्या लेंड्या. वर ती कागदातली बया डोळे वटारून बघत होती, आणि तिच्या नाकाखाली हे.

मी धडधडत खाली आले. "सासूबाई, खाल्लं! आत्ताच्या आत्ता ते चित्र काढा आणि त्याला सांगून या."

"ओरडू नकोस."

"ओरडू नको? आज एक टोपली गेली, उद्या..."

"तोंड उघडलंस तर बघ," त्या म्हणाल्या. डोक्याला फडकं बांधलं आणि निघाल्या. कुठे? पाणचक्कीवर. तुम्हाला सांगते, पाणचक्कीवालीशी त्यांचं पाटाच्या पाण्यावरून असं वाजलं होतं की माझं लग्न झाल्यापासून त्या वाटेने त्या गेल्या नव्हत्या. दळणसुद्धा आम्ही पलीकडच्या गावाला नेत होतो. त्या बाईपुढे इशीबाईंनी मान वाकवली. काय बोलल्या, कसं बोलल्या, देव जाणे. परत आल्या त्या बाहीत काहीतरी धरून. माळ्यावर जाऊन बाही सोडली तर पिकल्या जवाच्या रंगाची मांजर! गळ्यात लाल दोरी. पाणचक्कीवाली आपल्या सगळ्या मांजरींना बांधते तशी.

मी तिच्याकडे बघतच राहिले. मागे कधी मोहेई पाणचक्कीवर मुक्कामाला होता तेव्हा मुगीने तिथे पिल्लं घातली होती. त्यातलीच ही. तोच रंग, तसंच वाकडं कानाचं टोक.

"सासूबाई," माझ्या डोक्यात हळूहळू उजाडायला लागलं होतं, "म्हणजे इतकी वर्षं चित्र नाही. मुगीच..."

"कळलं ना? मग गिळ आता ते."

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"ती झोपायची दिवसा. जो दिवसा असा मेल्यासारखा झोपतो तो रात्री काहीतरी करतो, एवढं मला कळतं. चार रात्रींत ती घरातल्या सगळ्या नवरीबाई संपवून जायची. तुझा सासरा तसाच होता." मग हळू आवाजात, "आधी वाटलं होतं सांगावं. मग वाटलं, कशाला? चित्र काय, मांजर काय, आपले बाळराजे वाचले म्हणजे झालं. आणि त्या माणसाकडे दुसरं आहे काय गं?"

मांजर डोळे मिटून दूध पितं आणि त्याला वाटतं जग बघत नाही, असं म्हणतात. इथे मांजर उघड्या डोळ्यांनी पीत होती, आम्हीच सगळ्यांनी मिटले होते.

त्या दिवसापासून आमच्या माळ्यावर एकही टोपली कमी झाली नाही. कात टाकण्याआधी बाळराजे झोपतात, त्या शेवटच्या झोपेच्या दिवसांत परक्या माणसाने बाळराजांच्या घरात यायचं नसतं, त्यामुळे मोहेई अंगणातच यायचा. कुंपणापाशी उभा राहून विचारायचा, "काय म्हणते?"

"काय म्हणणार? बसलीय डोळे वटारून," सासूबाई आतून ओरडायच्या. "नवरीबाई फिरकल्या नाहीत. झालं समाधान? जा आता, कामं पडलीत."

"सूनबाई, खरं?"

"खरं हो काका," मी म्हणायचे. उंदराला मांजर साक्ष.

त्याची पाठ जरा जरा सरळ व्हायला लागली. दाढी करून यायला लागला. गावात बातमी पसरली की इशीबाईंच्या घरी चित्र चाललं, मोहेईचा हात परत आला. रंगाऱ्याने रस्त्यात थांबवून पुढच्या वर्षाचं बोलणं केलं. सुताराने दारावरचं ठिगळ गुपचूप काढलं. मोहेईने ते सगळं मला कुंपणापलीकडून सांगितलं, आणि सांगताना तो लहान पोरासारखा हसत होता. मला बरं वाटत होतं, पण पुढचंही दिसत होतं. मी सासूबाईंना म्हटलं, "पुढच्या वर्षी रंगाऱ्याच्या घरी काय होईल?" त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. मी पाणचक्कीवालीकडून आणखी एक आणीन." त्यांना खरंच वाटत होतं की त्या गावभर मांजरी पेरत फिरतील.

कोष उतरवायच्या दिवशी आमच्याकडे चित्राला जेवण असतं. पांढऱ्या भाताचा मुटका, त्यावर सुक्या माशाचे पातळ काप. ताट चित्रासमोर ठेवायचं, काढणाऱ्याने समोर बसायचं, घरच्यांनी मागे. मोहेईने धुतलेला अंगरखा घातला होता. सासूबाईंनी सकाळीच मांजर खाली कोंड्याच्या टोपलीत घालून झाकणावर दगड ठेवला होता. दगड मी स्वतः दाबून बघितला होता.

तो चित्रासमोर बसला. कपाळ जमिनीला टेकवलं. चित्राशीच बोलायला लागला, "बाई गं, तू लाज राखलीस माझी." मग ताट पुढे सरकवलं. माळाभर माशाचा वास पसरला. आमच्याकडे सुका मासा वर्षातून कितीदा निघतो? त्या वासाला दगड काय आणि डोंगर काय.

जिन्यावर काही वाजलं नाही. चित्राच्या खालूनच, टांगलेल्या टोपल्यांच्या मागून ती आली. शांतपणे, शेपटी उभी करून, थेट ताटापाशी. आणि मोहेईच्या हातापासून वीतभर अंतरावर बसून मासा खायला लागली.

मोहेईने वर चित्राकडे बघितलं, खाली तिच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी या जन्मात विसरणार नाही. त्याला वाटलं, उतरली. कागदातून उतरली. तोच रंग, तोच कान. ज्या गोष्टीसाठी तो आयुष्यभर कुंचला घासत होता ती त्याच्यासमोर बसून मासा खात होती. त्याने हात पुढे केला, तिच्या मानेवरून फिरवला, आणि त्याच्या बोटांना ती लाल दोरी लागली.

हात तिथेच थांबला.

"कुठली तरी चोरटी शिरली वाटतं," सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "हाकल गं सावा तिला!"

मी हललेच नाही. मोहेईने त्या मांजरीला मांडीवर घेतलं. तिच्या पंजांना तुतीच्या पानांचा चिकट रस लागून वाळला होता, थरावर थर. तो बोटांनी चाचपत राहिला.

"वहिनी, ही आज नाही आली."

सासूबाई ताटातला मुटका उगाच सारखा करायला लागल्या.

"कधीपासून?"

"तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून," मीच सांगितलं. कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

तो मान हलवत राहिला. आपल्याशीच काही जुळवत होता. "म्हणजे माझी मुगी. सगळ्या घरांत. रात्रभर." मग एकदम, "आणि दिवसा मी तिला आळशी म्हणायचो. लोकांना हसवायचो तिच्यावर."

"अरे मग काय झालं?" सासूबाई तुटून बोलल्या. "मांजर तुझीच, चित्र तुझंच. तू घेऊन फिरलास म्हणून घरं वाचली. कुणी केलं काय फरक पडतो?"

"फरक? वहिनी, मी लोकांना त्यांच्या मांजरी घराबाहेर काढायला लावल्या. माझ्या कागदासाठी. रंगाऱ्याचं घर बुडालं, ते माझा हात गेला म्हणून नाही. हात कधी नव्हताच." तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. "तुम्ही चांगल्या मनाने केलंत. मला कळतंय. पण मला बुडू द्यायचं होतंत, वहिनी. मी हात गेलेला माणूस म्हणून मेलो असतो. निदान एके काळी हात होता, असं तरी वाटलं असतं."

सासूबाईंनी तोंडावर बाही धरली.

मग त्याने शाई मागितली. मी उगाळून दिली. चित्र खाली उतरवलं नाही, उभ्यानेच, आधी पांढऱ्या रंगाने ते वटारलेले डोळे झाकले. रंग वाळेपर्यंत थांबला. मग प्रत्येक डोळ्यावर एकच रेघ ओढली, खाली वाकलेली. मिशा जरा खाली उतरवल्या. एवढंच. ती मांजर झोपली. इतकी गाढ झोपली की ताटापाशी बसलेल्या खऱ्या मांजरीपेक्षा तिचा श्वास जास्त जाणवत होता. उस्तादाने तेव्हा बघितलं असतं तर हाकललं नसतं, असं मला वाटलं, पण आता ते बोलून काय उपयोग होता?

"उभा जन्म माझ्यासाठी जागली," तो म्हणाला. "आता झोपू दे तिला."

पेटी तिथेच ठेवून तो जिना उतरला. मुगीच्या लेकीलाही ठेवून गेला. सासूबाई अंगणापर्यंत मागे गेल्या, "जेवून तरी जा रे मोहेई," म्हणत. त्यांना कधी कुणाच्या मागे जाताना मी पाहिलं नव्हतं. तो थांबला, वाकून नमस्कार केला, आणि गेला.

त्या शरदात तो लोकांच्या कोळशाच्या गोण्या डोंगरावरून खाली आणायचा. आमच्या दारावरून जायचा, हाळी न देता. कुणाच्या घरी मांजर नसेल तर थांबून सांगायचा, पाणचक्कीवर पिल्लं आहेत, एक घेऊन जा. लोक त्याला वेडा म्हणायला लागले. थंडीत आकागीचा वारा सुटला आणि तो देवळाच्या पडवीत गेला. खोकल्याने गेला म्हणतात. सासूबाई म्हणाल्या, "मी मारला त्याला." मी म्हटलं, "असं नका बोलू." त्या म्हणाल्या, "तू गप्प बस. माझं मला बोलू दे." मुगीला त्याने जिथे पुरलं होतं ती जागा आम्हाला ठाऊक नव्हती. सासूबाईंनी खूप चौकशी केली. सापडली नाही, म्हणून त्याला एकट्यालाच पुरला.

पुढे त्या जगल्या तोवर कोष उतरवायच्या दिवशी त्या झोपलेल्या मांजरीसमोर माशाचे काप ठेवत आल्या. मुगीची लेक येऊन खायची. तिला कुणी हाकलायचं नाही.

आता त्यांच्या जागी मी आहे, आणि तोंडही त्यांचंच लागलंय म्हणतात. परवा नातसून माळ्यावरून खाली आली ती हसतच. "आजी, ते जुनं चित्र काढून टाकू का? नवरीबाईंनी तिचं शेपूट कुरतडलंय, आणि ही आपली खुशाल झोपलीय! असली मांजर काय कामाची? बाजारात छापील मिळतात, ह्या एवढाल्या डोळ्यांच्या."

"हात लावशील तर बघ," मी म्हटलं.

"पण आजी..."

"हळू बोल जरा. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."